बेट कुणाचे, हे आधी ठरू द्या

जून २०२५ मध्ये इंडोनेशियातल्या राजा अंपात द्वीपसमूहाची हवाई दृश्ये आपल्याकडेही मोबाइलवरून फिरली. निळाहिरवा समुद्र, त्यावर गर्द रानाने झाकलेली टेकड्यांची बेटे, आणि त्यातल्या एका बेटावर सोलून काढल्यासारखी दिसणारी लाल जमीन. ३ जूनला जकार्तातल्या निकेल उद्योगाच्या परिषदेत ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी आणि पापुआतल्या तरुणांनी फलक फडकावले. पुढच्या आठवड्यात सरकारने पाच खाण परवान्यांपैकी चार रद्द केले. गाग बेटावरचा पाचवा परवाना मात्र कायम राहिला. लगेच आपल्याकडेही वाद रंगला. एका बाजूचे म्हणणे असे की इतक्या सुंदर जागी खाण कशाला, तिथे पर्यटन करा, पर्यटनातून पैसाही मिळतो आणि निसर्गही राहतो. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे की विजेवर चालणारी गाडी हवी आणि बॅटरीतले निकेल नको, हे कसे जमणार? गरीब बेटवासीयांनी आपल्या फोटोंसाठी गरीबच राहायचे का? हीच वाक्ये, फक्त जागेचे नाव बदलून, ग्रेट निकोबार बेटावरच्या बंदर-विमानतळ प्रकल्पाच्या वादातही रोज ऐकू येतात.

मला ही मांडणीच चुकीची वाटते, आणि ती दोन्हीकडून चुकते आहे. खाण की पर्यटन, हा प्रश्न बेटापासून हजारो किलोमीटर दूर बसलेल्या माणसाला पडणारा प्रश्न आहे. पर्यटनाने बेटे वाचत नाहीत. जिथे राहणाऱ्या माणसांचे ‘नको’ चालते ती बेटे वाचतात, आणि ते ‘नको’ त्यांना परवडावे एवढी मदत पर्यटन करू शकते. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी पर्यटन आणले आणि मग स्थानिकांना त्यात वेटरच्या, सफाईच्या, बोटीवरच्या नोकऱ्या दिल्या, तर तेही उत्खननच होते, फक्त खनिजाऐवजी किनारा उपसला जातो. राजा अंपातची गेल्या पंचवीस वर्षांची गोष्ट मला महत्त्वाची वाटते ती एवढ्यासाठी. तिथे हा क्रम बऱ्याच अंशी सुलटा राहिला.

न्यू गिनीच्या पश्चिम टोकाला वायगेओ, बातांता, सालावाती आणि मिसूल ही चार मोठी बेटे आणि त्यांच्याभोवती पंधराशेहून अधिक लहान बेटे, असा हा पसारा. जगातल्या ज्ञात कठीण प्रवाळांपैकी सुमारे ७५ टक्के जाती इथे सापडतात. २०१२ मध्ये क्री बेटाच्या टोकाशी जेराल्ड ॲलन या मत्स्यशास्त्रज्ञाने पाण्यात मारलेल्या एकाच बुडीत माशांच्या ३७४ जाती मोजल्या. पाण्याच्या वर तेवढेच दाट पर्जन्यवन आहे. विल्सनचा बर्ड ऑफ पॅरडाइज हा पक्षी साऱ्या जगात फक्त वायगेओ आणि बातांता या दोन बेटांवर राहतो. पण ही संपत्ती कायम सुरक्षित होती असे कुणी समजू नये. १९९० च्या दशकात इथे स्फोटके टाकून आणि सायनाइड सोडून मासेमारी चालायची, आणि शार्कचे पर कापून उरलेला जिवंत मासा पाण्यात फेकून दिला जायचा. हे करणाऱ्या बऱ्याच बोटी बाहेरच्या होत्या, पण काही हात गावातलेही होते. आज त्याच पाण्यात शार्क आणि मांटा रे या मोठ्या चपट्या माशांना मारायला बंदी आहे, आणि ती २०१२ पासून जिल्ह्याच्या कायद्याने आहे. हा बदल कशाने झाला?

याचे एक उत्तर ‘सासी’ या शब्दात आहे. मालुकू आणि पश्चिम पापुआत ही जुनी चाल आहे. गावाने ठरवून समुद्राचा एखादा पट्टा किंवा रानातले एखादे फळ काही महिन्यांसाठी, कधी वर्षा-दोन वर्षांसाठी बंद करायचे, आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांनी मिळून उघडायचे. कोकणातल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी पाण्यात घालायची नाही हा आपल्या कोळी-गाबितांचा संकेत आणि देवराईतली काटकीसुद्धा उचलायची नाही हा गावाचा दंडक, दोन्ही याच जातकुळीचे. सासी मोडली तर देवाचा कोप होतो आणि गावाची नजरही फिरते. ख्रिस्ती झालेल्या गावांत आता चर्चमध्ये प्रार्थना करून सासी लावतात. मिसूलमधल्या कापातचोल गावात तर बायकांच्या गटाला समुद्राचा एक पट्टा सासीसाठी मिळाला. पट्टा उघडला की समुद्रकाकडी, शेवंड, शिंपले काढायचे आणि मिळालेल्या पैशातून गावाची व मुलांच्या शाळेची गरज भागवायची. २००७ मध्ये सागरी संरक्षित क्षेत्रांचे जाळे जाहीर झाले तेव्हा कायद्याच्या आखणीखाली ही जुनी रेषा आधीच होती. कोणता खडक कोणत्या कुळाचा, हे गावांना ठाऊक होते. सरकारी नकाशाने ती मालकी पुसली नाही, बऱ्याच ठिकाणी तिच्यावरच उभारणी केली. कायदा टिकला त्याचे श्रेय मी यालाच देईन.

पर्यटन आले ते या पायावर. आधी बाहेरच्या माणसांची डायव्हिंगची केंद्रे आली, मग मुक्कामी सफरीच्या आलिशान बोटी. पण त्यांच्या बरोबरीने गावकऱ्यांनी स्वतःची राहण्याची सोय उभी केली. पाण्यात खांब रोवून बांधलेली लाकडी खोपटी, वर सागोच्या पानांचे छप्पर, मच्छरदाणी, तीन वेळचे जेवण म्हणजे भात, मासे आणि भाजी, आणि वीज रात्री काही तास. अशी शंभरावर घरगुती मुक्कामाची ठिकाणे आज तिथे आहेत. त्यांच्या मालकांनी आपली संघटना केली आणि नोंदणीसाठी स्वतःचे संकेतस्थळ चालवले. पाहुण्याचे पैसे सोरोंग शहरातल्या किंवा बालीच्या दलालाकडे न थांबता सरळ त्या घरात येतात. गाम बेटावरच्या साविंग्राईसारख्या गावात पहाटे अंधारात पाहुण्याला रानात नेतात. लाल बर्ड ऑफ पॅरडाइजचे नर एका ठरावीक झाडावर नाचायला येतात, ते बघायला. ते झाड आणि ते रान एखाद्या कुळाचे असते, पाहणाऱ्याचे पैसे त्या कुळाला मिळतात, आणि म्हणून तिथे कुऱ्हाड चालत नाही. समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून प्रवेशशुल्क घेतले जाते. महत्त्वाची गोष्ट अशी की हे शुल्क गोळा करणाऱ्या सार्वजनिक संस्थेला ते पैसे स्वतःकडे ठेवून गस्तीवर आणि व्यवस्थापनावर खर्च करण्याचा अधिकार आहे. ते जकार्ताच्या तिजोरीत जाऊन परत येण्याची वाट पाहावी लागत नाही. हा तपशील रुक्ष वाटेल, पण माझ्या मते सगळ्या गोष्टीचा कणा हाच आहे. का, ते पुढे फिलिपिन्सच्या उदाहरणावरून दिसेल.

लाल बर्ड ऑफ पॅरडाइज या पक्ष्याचा दुसरा एक इतिहास आहे, आणि तो या वादात कुणी आठवत नाही. १८६० मध्ये निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस वायगेओला आला आणि गाम बेटावरच्या बेसिर गावात एका लहानशा झोपडीत राहिला. त्याने गावातल्या शिकाऱ्यांना कुऱ्हाडी, सुऱ्या, मणी असा माल आगाऊ देऊन पक्षी आणायला सांगितले. शिकाऱ्यांनी शब्द पाळला. ते नमुने पुढे लंडनला गेले आणि त्यांची खरी किंमत तिथे ठरली. वॉलेस व्यवहारात सचोटीचा होता. दोष त्याच्या हेतूत नव्हता, व्यवहाराच्या रचनेत होता. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या स्त्रियांच्या टोप्यांवर लावण्यासाठी न्यू गिनीतून हे पक्षी हजारोंनी मारून नेले गेले. डच सरकारने निर्यात बंद केली ती १९३१ मध्ये. मग मोत्यांचे शिंपले, मग शार्कचे पर, आता निकेल. वस्तू बदलत गेली, रचना तीच राहिली: माल इथला, किंमत दुसरीकडे ठरणार आणि नफाही दुसरीकडेच राहणार. आज त्याच गावाच्या परिसरात वॉलेसची झोपडी पुन्हा बांधून पाहुण्यांना दाखवतात. पक्षी झाडावर जिवंत आहे आणि पैसे गावात येतात. दीडशे वर्षांत पहिल्यांदाच त्या पक्ष्याची किंमत त्याच्या रानाच्या मालकाने ठरवली. ‘पर्यटनामुळे निसर्ग वाचतो’ हे वाक्य म्हणूनच मला अपुरे वाटते. टोप्यांचा व्यापारही याच पक्ष्याच्या सौंदर्यावरच चालला होता.

आता विरुद्ध बाजूचे जे मुद्दे खरे आहेत ते पूर्ण मान्य केले पाहिजेत, कारण निसर्गप्रेमी मंडळी ते नेहमी टाळतात.

पहिला मुद्दा पैशाचा. घरगुती मुक्कामाच्या आठ-दहा खोपट्यांतून खाणीच्या महसुलाची बरोबरी होत नाही, कधीच होणार नाही. शिवाय हे उत्पन्न फार नाजूक असते. २०२० मध्ये विमाने थांबली आणि एका महिन्यात सगळे ठप्प झाले. ज्या गावांनी बागायत आणि मासेमारी सोडली नव्हती ती तगली. दुसरा मुद्दा पर्यटनाच्या निष्पापपणाचा. ४ मार्च २०१७ ला कॅलेडोनियन स्काय हे पर्यटक जहाज क्री बेटाजवळ ओहोटीच्या पाण्यात प्रवाळावर चढले. त्यावर १०२ प्रवासी होते, आणि ते नुकतेच वायगेओच्या रानात पक्षी बघून परतले होते. टगबोटीने जहाज ओढून काढताना नुकसान आणखी वाढले. नंतरच्या संयुक्त पाहणीत १८,८८२ चौरस मीटर प्रवाळ उद्ध्वस्त झाल्याचे आढळले. निसर्ग बघायला आलेल्या जहाजाने शतकानुशतके वाढलेला खडक एका दुपारी चिरडला. मुक्कामी सफरीच्या बोटींची संख्या वाढतेच आहे. त्यांचे नांगर, त्यांचे सांडपाणी आणि मांटा रेच्या ठिकाणी पाण्यात उतरणाऱ्यांची गर्दी, या सगळ्याचा त्रास गावे रोज सोसतात. तिसरा मुद्दा हवामानाचा. या बेटांवर पोचायला युरोप-अमेरिकेतला पाहुणा तीन-चार विमाने बदलतो, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलेल्या प्रवाळ पांढरे पडण्याच्या चौथ्या जागतिक संकटाचे मूळ अशाच धुरात आहे.

चौथा मुद्दा सर्वांत अवघड, आणि माझ्या भूमिकेला थेट भिडणारा. सरकारी मंत्री गाग बेटावर गेले तेव्हा तिथल्या अनेक रहिवाशांनी त्यांना सांगितले की खाण बंद करू नका. लोकांचे ‘नको’ चालले पाहिजे असे मी म्हणतो, मग लोकांचे ‘हवे’ का चालू नये? बाहेरच्या कार्यकर्त्याने गागच्या माणसाला सांगायचे का, की तुझी नोकरी आमच्या सौंदर्यदृष्टीला खुपते?

या प्रश्नाला मी टाळाटाळ करणार नाही. गागच्या माणसाचे म्हणणे खोटे नाही आणि त्याला कुणी फितवलेही नाही. पण त्याला तो प्रश्न कधी विचारला गेला ते पाहा. गागचा करार १९९८ चा. तो जकार्ताशी झाला, करारक्षेत्र १३,१३६ हेक्टर, आणि त्यातली जमीन जेमतेम ६,००० हेक्टर, उरलेला समुद्र. म्हणजे जवळपास अख्खे बेट आणि भोवतालचे पाणी एका कागदावर गेले. १९९९ च्या वनकायद्याने संरक्षित जंगलात उघड्या खाणींना बंदी घातली, तेव्हा २००४ मध्ये तेरा कंपन्यांना अध्यक्षांच्या आदेशाने सूट मिळाली, त्यात हीही होती. या कोणत्याही टप्प्यावर गागच्या गावाला नकाराधिकार नव्हता. खाण झाली, बोट आली, दवाखाना आला, पगार आला, आणि मग विचारले गेले: हे बंद करू का? या प्रश्नाला कोण ‘हो’ म्हणेल? सगळे पर्याय बंद झाल्यावर मिळालेल्या होकाराला मी आदराने ऐकेन, पण त्याला संमती म्हणणार नाही.

दुसरे असे की खाण एका गावात राहत नाही. निकेलचा लाल जांभा वरच्या थरात असतो. तो काढायचा म्हणजे आधी जंगल आणि मातीचा थर पूर्ण खरवडायचा. या पट्ट्यात पाऊस जवळपास वर्षभर पडतो. उघडी माती वाहून समुद्रात जाते आणि गाळ प्रवाळावर बसतो. प्रवाळाच्या शरीरात राहणाऱ्या शैवालाला ऊन लागते. गाळाने ऊन तुटले की प्रवाळ उपाशी मरतो, आणि नवी अळी बसायला स्वच्छ खडक उरत नाही. मंत्र्यांनी सांगितले की गाग हे पर्यटकांच्या आवडत्या पियानेमोपासून तीस-चाळीस किलोमीटर दूर आहे. हे उत्तर कुणाला दिले होते? पर्यटकाला. पियानेमोच्या फोटोत लाल डाग दिसणार नाही, हे आश्वासन त्यात आहे. गागच्या शेजारच्या गावातल्या कोळ्याला त्यात काही नाही. निसर्गप्रेमींनी ‘पर्यटनस्थळ वाचवा’ अशी घोषणा दिली की सरकारला असेच उत्तर सुचते, आणि म्हणून ती घोषणा धोक्याची आहे. ज्या बेटावर पर्यटक जात नाही त्या बेटाला मग कुणी वाली उरत नाही.

आणि चूक झाली तर तिची किंमत काय? पॅसिफिक महासागरातल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या थिओ भागात निकेलची खाण १८७० च्या दशकात सुरू झाली. शंभर वर्षे ओरखडलेल्या डोंगरांची माती नद्यांमध्ये उतरत राहिली. नद्यांची पात्रे गाळाने भरली आणि पूर तिथल्या मूळच्या कनक लोकांच्या शेतांवर आले. तिथले डोंगर आजही लाल आहेत. गावाने पाहुण्यांसाठी दहा खोपटी जास्त बांधली, गर्दी झाली, ती चूक पाच वर्षांत दुरुस्त होते. खोपटे मोडता येते, शुल्क वाढवता येते, सासी लावता येते. खरवडलेली टेकडी कुठल्याही ग्रामसभेच्या ठरावाने परत येत नाही. दोन पर्यायांतला हा फरक उत्पन्नाच्या तक्त्यात कधीच दिसत नाही.

इथे माझ्याच भूमिकेविरुद्ध जाणारे एक उदाहरण सांगितले पाहिजे. नौरू. या चिमुकल्या बेटावर फॉस्फेटची खाण १९०७ मध्ये परक्यांनी सुरू केली. १९६८ मध्ये नौरू स्वतंत्र झाले आणि लवकरच खाण नौरूच्या हातात आली. मालकी त्यांची झाली, आणि तरी त्यांनी खोदणे चालूच ठेवले. काही काळ ते दरडोई उत्पन्नात जगातल्या सर्वांत श्रीमंत लोकांपैकी होते. मग फॉस्फेट संपत आले, आणि बेटाच्या सुमारे ८० टक्के भूभागावर उरले ते चुनखडीचे सुळके. तेव्हा मालकी म्हणजे शहाणपणाची हमी असे मी म्हणू शकत नाही. पण नौरूला मालकी मिळाली तेव्हा साठ वर्षे खोदून झालेले होते आणि दुसरे कसले उत्पन्न शिल्लकच ठेवलेले नव्हते. हक्क उशिरा मिळाला की त्याच्यासोबत आधीच्या मालकाचा धंदाही पदरात पडतो. राजा अंपातच्या गावांकडे हक्क आणि धंदा या दोन्ही गोष्टी वेळेत आल्या, आणि म्हणून तिथे निवड शक्य झाली.

बॅटरीच्या मुद्द्याला मी थोडक्यात उत्तर देतो, कारण तो वाटतो तेवढा भक्कम नाही. जगातल्या निकेलपैकी सुमारे दोन तृतीयांश स्टेनलेस स्टीलमध्ये जाते. विजेवरच्या गाड्यांच्या बॅटऱ्यांपैकी जवळपास निम्म्या आता लोह-फॉस्फेटच्या असतात, त्यांत निकेल नसतेच. आपल्या रस्त्यांवरची नेक्सॉन ईव्हीसुद्धा त्याच बॅटरीवर धावते. इंडोनेशिया जगातले निम्म्याहून जास्त निकेल काढतो, ते मुख्यतः सुलावेसी आणि हॅलमहेरा या बेटांमधून. राजा अंपातच्या बेटांशिवाय जगाची हरित वाटचाल अडेल, असे म्हणायला आधार नाही. खुद्द इंडोनेशियाच्या कायद्यानेही २,००० चौरस किलोमीटरपेक्षा लहान बेटांना खाणीपासून संरक्षण दिले आहे, आणि त्याला आव्हान देणारी एका खाण कंपनीची याचिका तिथल्या घटना न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये फेटाळली.

आता फिलिपिन्स. माझ्या म्हणण्याला यापेक्षा स्वच्छ पुरावा मला माहीत नाही. सेबूजवळ सुमिलोन नावाचे बेट आहे. तिथे १९७४ मध्ये सिलिमन विद्यापीठाच्या पुढाकाराने मासेमारीबंद क्षेत्र झाले. शास्त्रज्ञ उत्तम होते, मासे वाढले, भोवतालच्या कोळ्यांची पकडही वाढली. १९८४ मध्ये स्थानिक राजकारण पालटले, बंदी उठली, बोटी आत शिरल्या, आणि दोन वर्षांत पकड जवळपास निम्म्यावर आली. सुमिलोनवर वस्ती असलेले गाव नव्हते. ते राखणे हे कुणाच्याच घरचे काम नव्हते. जवळच आपो हे बेट. तिथे त्याच विद्यापीठाने, आंजेल आल्काला याच शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली, १९८२ पासून काम केले, पण या वेळी आधी गावाशी बोलून. भोवतालच्या प्रवाळापैकी सुमारे दहावा हिस्सा गावाने स्वतः बंद केला, पहारा स्वतः दिला, आणि १९८५ मध्ये नगरपालिकेने त्याला कायद्याचे रूप दिले. पुढे पाण्यात बुड्या मारणारे पाहुणे आले, शुल्क आले, मुलांच्या शिक्षणाला पैसे आले. २०११ आणि २०१२ च्या वादळांनी ते क्षेत्र पार मोडून टाकले, तरी गावाने नियम मोडला नाही. एकच समुद्र, एकच विज्ञान, तेच मासे. फरक कशाचा होता?

आपोची गोष्ट इथे संपत नाही. १९९४ मध्ये राष्ट्रीय सरकारने त्या बेटाला संरक्षित क्षेत्राचा मोठा दर्जा दिला. हेतू चांगला होता. पण नव्या कायद्याप्रमाणे पाहुण्यांचे शुल्क आधी मनिलाला जाऊ लागले आणि त्यातला ७५ टक्के वाटा बेटाला परत मिळायचा, तोही फार उशिरा. ज्या कोळ्याने रात्र-रात्र पहारा दिला त्याला आपल्याच पैशासाठी कार्यालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. संरक्षण करणारे सरकारसुद्धा मालकी काढून घेऊ शकते, ते असे. राजा अंपातच्या शुल्काचे पैसे तिथेच राहतात याला मी कणा म्हटले ते यासाठी.

मालवणच्या माणसाला यात ओळखीचे काही सापडेल. १९८७ मध्ये मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, आणि गाबित मच्छीमारांना ते आपल्यावर आलेले संकट वाटले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतालचा प्रवाळ राखायला हवा याबद्दल त्यांचे दुमत नव्हते. त्यांना न विचारता त्यांच्या रापणीच्या पाण्यात रेघ ओढली गेली, हे दुखणे होते. अविश्वासाची ती गाठ अजून पुरती सुटलेली नाही. त्याच जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचत गटाच्या बायका स्वतः वल्हे मारून कांदळवनाची सफर घडवतात, आणि त्या कांदळवनाला हात लावायची कुणाची छाती होत नाही. दोन्ही उपक्रम निसर्ग वाचवण्यासाठीच होते.

म्हणून ग्रेट निकोबारबद्दल बोलताना आपल्या बाजूच्या मित्रांनाही माझे सांगणे आहे. १६६ चौरस किलोमीटरवर बंदर, विमानतळ, वीजकेंद्र आणि नगर, त्यासाठी १३० चौरस किलोमीटर पर्जन्यवन वळते करणे, लेदरबॅक कासवांच्या विणीच्या गालाथिआ उपसागराचे अभयारण्यपण २०२१ मध्ये काढून घेणे: या सगळ्याला माझा विरोध आहे. पण त्याला उत्तर म्हणून ‘तिथे इकोटुरिझम करा’ असे पुण्या-मुंबईत बसून म्हणणे ही त्याच चुकीची सौम्य आवृत्ती आहे. तिथल्या रानात राहणाऱ्या शोंपेन आदिवासींना पाहुणे हवे आहेत असे कुणी गृहीत धरू नये. बाहेरच्यांच्या संपर्कातून येणारा साधा आजारही दोन-अडीचशेंच्या त्या समाजाला पुरून उरेल. निकोबारींना पाहुणे हवेत की नकोत, किती हवेत, कोणत्या किनाऱ्यावर हवेत, हे त्यांनी ठरवायचे. १९६९ पासून तिथे वसवलेल्या माजी सैनिकांच्या कुटुंबांत मराठी घरेही आहेत. त्यांनी जंगल तोडून शेती उभी केली ती सरकारच्या सांगण्यावरून. त्यांचेही म्हणणे वेगळे आणि खरे असेल, आणि तेही ऐकले पाहिजे. पण ऐकण्याचा क्रम असतो, आणि त्यात सर्वांत जुन्या रहिवाशाचा नंबर पहिला लागतो.

बेटवासीयांची इच्छा कळत नाही, असे इथे कुणी म्हणू शकत नाही. २००४ च्या त्सुनामीनंतर ग्रेट निकोबारच्या निकोबारींना किनाऱ्यावरच्या त्यांच्या गावांतून उचलून कॅम्पबेल बेजवळच्या वसाहतींत आणले गेले. तात्पुरते म्हणून आणलेले ते लोक अजून तिथेच आहेत, आणि इतकी वर्षे एकच गोष्ट मागत आहेत: आम्हाला आमच्या गावांना परत जाऊ द्या. ऑगस्ट २०२२ मध्ये त्यांच्या आदिवासी परिषदेकडून प्रकल्पाला ना-हरकत घेतली गेली. त्यांच्या जुन्या गावांची जमीनही प्रकल्पात जाणार हे समजल्यावर नोव्हेंबर २०२२ मध्ये परिषदेने ती लेखी परत घेतली. त्या पत्रात बंदर हवे की पर्यटन हवे, याची चर्चा नाही. त्यांना घरी जायचे आहे.